मदत हवी आहे : कॅलेंडुलाचे घरचे बी, लांबट रोपे आणि भुरी (नाशिक)

नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगर भागात राहतो. घरामागे सहा फूट लांब व चार फूट रुंद असा एक वाफा आहे आणि यंदा तो संपूर्ण कॅलेंडुलासाठी ठेवायचे मी ठरवले आहे. माझा प्रश्न झेंडूविषयी नाही, हे आधीच सांगते. कॅलेंडुलाला पॉट मॅरिगोल्ड असेही म्हणतात, त्यामुळे रोपवाटिकेतून एकदा मला झेंडूचेच बी मिळाले होते. झेंडूचे बी सुईसारखे सरळ, काळे आणि टोकाला पांढरट असते. कॅलेंडुलाचे बी तपकिरी, वाकडे आणि पाठीवर खरखरीत असते, हा फरक आता ध्यानात आला आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे चार झाडे होती. डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत त्यांना केशरी फुले येत राहिली. सकाळी ऊन आले की उमलणारी आणि संध्याकाळी मिटणारी ती फुले पाहायला आई रोज मागच्या दारी खुर्ची टाकून बसत असे, म्हणून यंदा झाडे वाढवायची आहेत. शेवटची काही फुले मी झाडावरच वाळू दिली आणि बी काढून ठेवले. फुलाच्या मधल्या भागात बी धरत नाही, ते फक्त कडेच्या पाकळ्यांपाशी धरते, हे तेव्हा प्रत्यक्ष पाहिले. पण एकाच फुलातून तीन प्रकारचे बी निघाले: काही अळीसारखे गोल वळलेले, काही होडीसारखे रुंद आणि काही लांब, काटेरी. हे तिन्ही प्रकार सारखेच रुजतात का, की एखादा वगळावा? शेजारी पिवळ्या फुलांचेही एक झाड होते आणि मधमाश्या दोन्हींवर फिरत असत. तेव्हा या बियांपासून मूळ केशरी रंगच मिळेल अशी अपेक्षा ठेवावी का?

पहिली पेरणी मी सप्टेंबरच्या अखेरीस केली. परतीचा पाऊस चालू होता आणि शेणखतही बहुधा पुरते कुजलेले नव्हते. रोपे दोन पानांवर असतानाच देठ जमिनीलगत पिचकून आडवी पडली. दुसरी पेरणी दिवाळीनंतर, रात्री गार होऊ लागल्यावर, ट्रेमध्ये केली. निम्मे कोकोपीट, निम्मे गांडूळखत आणि थोडी वाळू असे मिश्रण घेतले. या बियांना रुजताना अंधार लागतो म्हणून त्यांवर सुमारे एक सेंटीमीटर थर दिला. आठव्या दिवसापासून कोंब दिसू लागले आणि वीसपैकी तेरा बिया रुजल्या. आता रोपांना चार पाने आहेत, परंतु ट्रे खिडकीच्या जाळीत असल्यामुळे जेमतेम दोन तास ऊन मिळाले आणि रोपे लांबट होऊन एका बाजूला कलली आहेत. वाफ्यात लावताना देठ थोडा मातीत पुरला तर रोप सावरते, की तिथे कुजण्याची भीती असते? आमची जमीन काळी असून पाणी धरून ठेवते. दोन रोपांत एक फूट अंतर ठेवण्याचा विचार आहे.

शेवटचा प्रश्न भुरीचा. गेल्या वर्षी फेब्रुवारीत पानांवर पांढरी पूड दिसू लागली आणि महिन्याभरात ती सगळ्या झाडांवर पसरली. निफाडकडे द्राक्षबाग असलेल्या माझ्या मामांनी गंधक फवारायला सांगितले आहे. द्राक्षावरची भुरी आणि ही भुरी यांची बुरशी वेगवेगळी असते असे मी वाचले आहे, शिवाय कडक उन्हात गंधकाने पाने करपतात, म्हणून मी अजून थांबले आहे. फुलांच्या पाकळ्या आम्ही खाण्यातही वापरतो, त्यामुळे फवारणी टाळून केवळ अंतर वाढवणे, पानांवर पाणी न घालणे आणि खालची पाने काढून टाकणे एवढ्यावर कोणाला यश आले आहे का? नाशिक परिसरात कॅलेंडुला लावलेल्यांनी आपला अनुभव महिन्यांसह सांगितला तर फार मदत होईल, कारण येत्या रविवारी रोपे वाफ्यात हलवायची आहेत.