धूळ काढली तरी सीपीयू तापतोय? कूलरच्या पिना बघा
पीसीचा सीपीयू (प्रोसेसर) तापत असेल तर ब्लोअरने धूळ काढा, नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावायची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट) लावा, हा नेहमीचा सल्ला बरोबरच आहे. पण नुसतं बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) बसून राहिलं तरी तापमान ९० अंश सेल्सियसच्या पुढे जात असेल, तर बहुधा हीटसिंक (कूलरचा पंख्याखालचा, उष्णता शोषणारा धातूचा भाग) प्रोसेसरला नीट टेकलेला नसतो. इंटेलच्या बॉक्ससोबत येणाऱ्या कूलरला प्लास्टिकच्या चार पिना असतात. एखादी निसटली तरी पंखा व्यवस्थित फिरत राहतो, त्यामुळे शंकाच येत नाही. भावाच्या पीसीत हेच निघालं.

पिना कर्णरेषेत, जोडीजोडीने, टक् आवाज येईपर्यंत दाबायच्या. मग मदरबोर्डाच्या (प्रोसेसर बसवलेल्या मुख्य बोर्डाच्या) मागून चारही टोकं पूर्ण बाहेर आलीत ना, ते बघायचं. आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती कृपया बोटाने धरून ठेवा, नाहीतर भन्नाट वेगात फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं.