मदत हवी आहे: नववी-दहावीच्या मुलांची झोप, पालकसभेत कशी मांडू?

नमस्कार मंडळी,

मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमची शाळा दोन अधिवेशनांत भरते, मोठे वर्ग सकाळी ७ वाजता. परवा पहिल्या तासाला नववीतली एक हुशार मुलगी प्रयोगवहीत आकृती काढता काढता, हातात पेन्सिल तशीच धरून झोपली. विचारलं तर म्हणाली, क्लासहून यायला साडेनऊ होतात, मग जेवण, गृहपाठ, थोडा मोबाईल. झोपायला बारा. साडेपाचला आई उठवते. अशी बरीच मुलं आहेत. चिडचिड करतात, बारीकसारीक गोष्टीवरून रडतात आणि घरी त्याला आळस म्हटलं जातं.

आळस नाही हो तो! वयात येताना मेलाटोनिन (झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक) रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे लवकर आडवं झालं तरी झोप लागत नाही. १३ ते १८ या वयाला ८ ते १० तास झोप हवी, आमच्या मुलांना साडेपाच-सहा मिळते. अपुऱ्या झोपेने मन खचतं आणि मन खचलं की झोप आणखी बिघडते.

पुढच्या पालकसभेत मला यावर बोलायला वेळ मिळाला आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या माध्यमिक शाळांनी २०१६ मध्ये वेळ ७.५० वरून ८.४५ केली. मुलं रात्री आणखी जागतील अशी भीती होती, पण मनगटावरच्या यंत्राने मोजल्यावर झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढलेली दिसली. अर्थात हा अभ्यास मुख्यतः झोपेचा होता. वेळ बदलली की नैराश्य जातं असं मी सांगणार नाही. आपल्याकडे २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका असं सांगितलं, ते चांगलंच झालं. पण शरीराचं घड्याळ पुढे सरकतं ते आठवी ते बारावीच्या वयात, आणि नेमकी तीच मुलं वगळली गेली.

एकाच इमारतीत दोन अधिवेशनं असताना कुणाच्या शाळेने माध्यमिकची वेळ अर्धा तास तरी पुढे नेली आहे का? रिक्षावाले काका, पालकांच्या नोकऱ्या, दुपारचं अधिवेशन हे सगळं कसं बसवलं? आणि इथे कुणी समुपदेशक किंवा बालरोगतज्ज्ञ असतील तर सांगा, क्लासची वेळ आणि रात्रीचा मोबाईल हे विषय पालक न दुखावता कसे काढावेत? दोघंही दिवसभर राबून येतात, त्यांना दोषी वाटायला नको.

पालकांना द्यायचं एक पानी पत्रक करते आहे. खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक घातला आहे, तिथे मराठीत बोलता येतं. मसुदा वाचून चुका दाखवायला कुणी तयार असेल तर इथेच कळवा, प्रतिसादात टाकते.