मुंग्या पाळणाऱ्या बाभळीवर प्रयोग: चिकट पट्टा पुरेल का?

प्रश्न (पर्णिका): मध्य अमेरिकेतल्या बुलहॉर्न बाभळीच्या पोकळ काट्यांत राहणाऱ्या मुंग्या झाडाला कितपत वाचवतात, हे मोजायचंय. अर्ध्या झाडांच्या खोडांना चिकट पट्टा लावून मुंग्या अडवाव्यात आणि पानांचं नुकसान मोजावं, असा बेत आहे. चालेल का?

वारूळकर: नुसत्या पट्ट्याने नाही. या बाभळीवरच्या स्यूडोमिरमेक्स मुंग्या काट्यातच राहतात. देठावर मधुरस, पर्णिकांच्या (पानातल्या छोट्या पात्यांच्या) टोकांना प्रथिनं नि स्निग्धांश भरलेले बेल्टियन कण, म्हणजे सगळी सोय घरातच. पट्टा लावून तुम्ही वसाहत वरच कोंडाल. आधी वसलेले काटे छाटून काढा, मग पट्टा. आणि तेवढेच काटे दुसऱ्या गटातल्या झाडांवरचेही छाटा, पण रिकामे. नाहीतर फरक मुंग्यांमुळे पडला की जखमांमुळे, हे कळणार नाही. कीटकनाशक मारू नका. त्याने पानं खाणारे किडेही मरतात आणि मुंग्यांविना झाड मजेत आहे असं खोटंच चित्र दिसतं.

खोडवा: पट्ट्याबद्दल: गोंद थेट सालीवर लावला तर साल खराब होते. आधी टेप गुंडाळा, गोंद त्यावर. मुंग्या असलेल्या झाडांनाही गोंद लावा, पण अर्ध्याच घेरावर, म्हणजे वाट मोकळी राहील. टेकलेलं गवत, शेजारची फांदी, गोंदात अडकलेला पाचोळा, एवढा पूलही मुंग्यांना पुरतो. सगळ्यात त्रासदायक नव्या राण्या: त्या उडत येऊन थेट वरच उतरतात. दर फेरीला कोवळ्या काट्यांच्या टोकाशी भोक पडलंय का बघा. असेल तर तो काटा काढा.

वारूळकर: हो, राण्या राहिल्याच. शिवाय पानांबरोबर वेलीही मोजा. या मुंग्या झाडावर चढणाऱ्या वेली आणि बुंध्याजवळची रोपं कुरतडतात. 1966 साली परिसंस्थाशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी हेच दाखवलं होतं.

सावाना: मुंगीची जातही नोंदवा. केनियात शिट्टी-बाभळीभोवती (हीही मुंग्या पाळणारी बाभूळ) कुंपण घालून हत्ती-जिराफ दहा वर्षं बाहेर ठेवले, तर झाडांनी फुगीर काटे नि मधुरस कमी केला. मग राखण करणाऱ्या क्रेमॅटोगॅस्टर मिमोसे या मुंगीची पीछेहाट झाली आणि तिच्या जागी आली तिच्याच प्रजातीतली दुसरी मुंगी, सियोस्टेड्टी, जी खोड पोखरणाऱ्या भुंग्यांच्या बिळांत राहते आणि त्यांना वावही देते. झाडं सुखात राहण्याऐवजी वाढीत मागे पडली, मरूही लागली. म्हणून 'मुंग्या आहेत/नाहीत' एवढाच रकाना ठेवलात, तर हा फरक तुमच्या आकड्यांत दिसणारच नाही.