मदत हवी आहे: मामाच्या हेलिओस 44-2 लेन्समध्ये बुरशी, दीड हजारात घरी साफ होईल का?

नमस्कार मंडळी, मामाकडची हेलिओस 44-2 माझ्याकडे आलीय, 58 एमएम एफ/2, एम42 (42 एमएम व्यासाच्या) आट्यांची, झेनिट कॅमेऱ्याबरोबर यायची ती रशियन लेन्स. कॅमेऱ्याचं शटर गेलंय, ते राहू दे. लेन्स मात्र मला शोकेसमध्ये ठेवायची नाहीये, फोटो काढायचेत तिच्यावर. कॅननच्या जुन्या डीएसएलआरवर ॲडॅप्टर रिंग लावून बघितली, बसते व्यवस्थित आणि लांबचा डोंगरही फोकस होतो, म्हणजे तिकडून काही अडचण नाही.

अडचण काचेत आहे. चिपळूणला लाकडी कपाटात, चामड्याच्या केसमध्ये किती पावसाळे काढलेत तिने कोण जाणे, आणि कोकणात चामडं आणि बुरशी यांचं किती जमतं ते तुम्हाला सांगायला नको. मोबाइलचा टॉर्च मागून मारला की आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात, कडेने सुरू होऊन पार मधोमध आलेले. सावलीतले फोटो बरे येतात पण खिडकीसमोर माणूस उभा केला की सगळं दुधाळ होतं, काळा रंग काळा राहतच नाही.

त्याशिवाय फोकसची रिंग इतकी जड झालीय की फिरवताना लेन्सच ॲडॅप्टरमधून सुटायला लागते (ग्रीस वाळलंय बहुतेक), ॲपर्चरच्या (आत येणारा उजेड कमी-जास्त करणाऱ्या भोकाच्या) आठ पात्यांपैकी काहींवर तेलाची चकाकी आहे आणि पुढच्या कडेला पोचा आहे त्यामुळे 49 एमएमचा फिल्टर बसत नाही.

मुंबईत फोर्टला एका रिपेरिंगवाल्यांना दाखवली, त्यांनी चार हजार सांगितले, आणि काचेवर डाग राहिले तर आम्ही जबाबदार नाही. त्यांचंही बरोबर आहे, बारीक काम आहे ते, पण माझं बजेट हत्यारांसकट दीड हजार आहे त्यामुळे घरीच करायचा विचार आहे.

वाचून एवढं कळलंय की हिच्यात 6 काचा 4 गटांत आहेत, पुढे एक सुटी, मग दोन चिकटवलेल्या, मग ॲपर्चर, परत दोन चिकटवलेल्या आणि मागे एक सुटी. बुरशी सुट्या पृष्ठभागावर असेल तर पुसता येते, पण दोन काचांच्या जोडात शिरली असेल तर घरी हात लावू नये. तर माझा मुख्य प्रश्न हाच की न उघडता ती नक्की कुठे आहे ते कसं ओळखायचं? आणि पुसायला काय वापरू? कोणी व्हिनेगर सांगतं, कोणी हायड्रोजन पेरॉक्साइड, कोणी ॲसिटोन, मला तर काचेवरचं चकाकी कमी करणारं कोटिंग जाईल याची धास्ती वाटते. ज्यांनी स्वतः हाताने केलंय त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १

ताई, लेन्स वाचण्यासारखी आहे, टाकू नका. आधी ॲपर्चर 16 वर बंद करा आणि समोरून टॉर्च मारून बघा. धागे पात्यांच्या अलीकडे अजून दिसतायत तर बुरशी पुढच्या दोन गटांत, पात्यांआड गेले तर मागच्या दोन गटांत. तसंच मागून बघा. जोडात आहे की नाही हे मात्र उघडल्यावरच नक्की होतं, दोन्ही बाजू पुसून लख्ख झाल्या आणि तरी धागे तिथेच असतील तर ते जोडातले, मग तो गट तसाच परत बसवा. थोडे धागे राहिले तरी फोटोत फारसा फरक पडत नाही.

हत्यार एकच विकत घ्या, लेन्स स्पॅनर. रिंगच्या दोन खाचांत टोकं बसवून फिरवायचा. कंपासपेटीतलं करकटक वगैरे वापरायला जाऊ नका, टोक सटकलं की थेट काचेवर ओरखडा, आणि मागच्या काचेवरचा ओरखडा पुढच्यापेक्षा फोटोत जास्त जाणवतो. प्रत्येक काच काढताना फुगीर बाजू कुठे होती त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

पुसायला आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल, 99 टक्केवालं. त्याने गेलं नाही तर पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये ते बहुधा 6 टक्क्यांचं मिळतं, तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घालून 3 टक्के करा आणि काही मिनिटंच ठेवा. सुट्या काचा बुडवल्या तरी चालतील, चिकटवलेल्या अजिबात नाही, कडेने पाणी आत शिरतं, त्या ओल्या कापसाने पुसायच्या. ॲसिटोन नको, काचेच्या कडेचा काळा रंग निघतो आणि मग आत उजेड उसळ्या मारतो. बुरशीच्या आम्लाने कोटिंग आधीच खाल्लं असेल तर तिथे फिकट नक्षी राहील, ती कशानेच जात नाही, उगाच घासत बसू नका.

पात्यांवरच्या तेलाची एवढी काळजी करू नका. ऑटो ॲपर्चरच्या (फोटो काढताना पाती आपोआप बंद होणाऱ्या) लेन्सला तेल लागलं की पाती अडखळतात, तुमची प्रीसेट आहे, पाती तुम्ही हाताने फिरवता. फक्त तेच तेल उडून काचेवर धुरकट थर बसतो म्हणून उघडलीच आहे तर टिपून घ्या. फोकसच्या आट्या सोडवताना कुठल्या जागी सुटल्या तिथे दोन्ही भागांवर खूण करा, त्या बऱ्याच ठिकाणी गुंतू शकतात आणि चुकीच्या जागी गुंतल्या तर इन्फिनिटी (अगदी लांबचा फोकस) हलते. जुनं ग्रीस लायटर फ्लुइडने काढा, नवीन लावताना अगदी पातळ थर. गंज सोडवायचा स्प्रे आत मारू नका, तो वाहत पात्यांवर जातो.

पोचा राहू दे. फिल्टर लावणार नसाल तर तिथे जोर लावून काही मिळत नाही.

आणि आत्ता पावसात उघडू नका, हवेतला दमटपणा आत बंद होईल. नंतर हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, 40 ते 50 टक्क्यांच्या मधे राहिलं पाहिजे. काही जण तांदूळ ठेवतात, ते नको, पीठ उडतं.

प्रतिसाद २ (धागाकर्ती)

खूप खूप आभार दादा, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं! लगेच बघितलं, 16 वर बंद केल्यावर समोरून जवळजवळ सगळे धागे गेले, दोन-तीनच उरले, म्हणजे मुक्काम मागच्या दोन गटांत दिसतोय. आता दसऱ्यापर्यंत थांबते, तोपर्यंत सिलिका जेलच्या डब्यात ठेवते. एक विचारायचं राहिलं, चिपळूण-रत्नागिरीकडे कोणाकडे लेन्स स्पॅनर असेल तर दोन दिवसांसाठी मिळेल का? नाहीतर ऑनलाइन मागवते, पण मग मागच्या रिंगसाठी चपट्या टोकाचा घेऊ की अणकुचीदार?