आरव्हीसाठी पाण्याचा प्रेशर रेग्युलेटर: कुठला घ्यावा, कुठे बसवावा?

एडिसनकर

२४ फुटी जुना ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर, आरव्हीचाच एक प्रकार) घेतला आहे. सोबत नळाच्या पाण्याचा दाब कमी करणारा, बोटभर लांबीचा पितळी रेग्युलेटर आलाय, त्यावर ४०-५० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचं माप) कोरलेलं आहे, गेज (दाब दाखवणारा काटा) नाही. तो लावला की शॉवरची धार अगदी बारीक होते. काढला की जोरात येते. शेजारच्या ट्रेलरवाल्यांचं म्हणणं, "काढूनच टाका, घरी कुठे लावतो आपण?" हे बरोबर आहे का? नवीन घ्यायचा तर कुठल्या प्रकारचा, आणि तो नळाजवळ लावायचा की ट्रेलरजवळ? सप्टेंबरच्या सुरुवातीला यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कमध्ये जागा मिळाली आहे. त्याआधी हे मार्गी लावायचंय.

पाणीपुरवठा_फ्रिमाँट

काढू नका. घरी लावत नाही असं वाटतं, पण अमेरिकेत मुख्य लाइनचा दाब ८० पीएसआयच्या वर असेल तर घरालाही रेग्युलेटर बसवावा लागतो, तसा प्लंबिंगचा नियमच आहे. तो तळघरात किंवा मीटरपाशी असतो म्हणून दिसत नाही.

कॅम्पग्राउंडमध्ये दाबाचा भरवसा नसतो. टाकी टेकडीवर असेल तर दर १०० फूट उंचीमागे ४३ पीएसआय मिळतात. म्हणजे टाकीच्या २०० फूट खाली तुमचा नळ असेल तर तिथे ८५ च्या वर दाब आलाच. तोही दिवसा कमी दिसतो, कारण सगळे पाणी वापरत असतात. रात्री सगळ्यांचे नळ बंद झाले की दाब चढतो, आणि नेमकं तेव्हा कुणाचं लक्ष नसतं.

ट्रेलरमधला पेक्स (लवचिक प्लास्टिकचा) पाइप तसा दणकट असतो. त्याच्यावरच छापलेलं असतं: ७३ अंश फॅरनहाइटला १६० पीएसआय, १८० अंशांना १००. फुटतात ते प्लास्टिकचे जोड, कमोडचा व्हॉल्व्ह, सिंकखालच्या लवचिक नळ्या. म्हणून ४५ ते ५० वर ठेवायचं. जुन्या ट्रेलरला ६० च्या वर मी कधीच जाऊ देणार नाही.

आता धार का बारीक होते ते. तुमच्याकडचा रेग्युलेटर आत स्प्रिंग आणि छोटं भोक अशा साध्या रचनेचा आहे. पाणी वाहत नसताना तो दाब बरोबर अडवतो, पण नळ उघडला की त्या भोकातून पुरेसं पाणीच जात नाही. दाब आणि धार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला कमी दाब हवाय, कमी पाणी नकोय. त्यासाठी मोठ्या डायफ्रॅमचा (दाबाने हलणारा आतला लवचिक पडदा), स्क्रूने दाब बदलता येणारा आणि गेज असलेला रेग्युलेटर घ्या. बहुतेक ४५ पीएसआयला लावूनच येतात. घेताना दोन गोष्टी बघा: तो पिण्याच्या पाण्यासाठी 'लेड-फ्री' प्रमाणित हवा (जानेवारी २०१४ पासून पाण्याला लागणाऱ्या भागात सरासरी ०.२५ टक्क्यांपेक्षा जास्त शिसं चालत नाही), आणि आत येणाऱ्या तोंडाला काढून धुता येईल अशी जाळी हवी.

आणि लावायचा नळावरच. नळ, रेग्युलेटर, मग फिल्टर, मग पाइप, मग ट्रेलर. ट्रेलरच्या तोंडाशी लावला तर पाइप आणि फिल्टर दोन्ही पूर्ण दाबाखाली राहतात. फिल्टरची प्लास्टिकची वाटी अशीच तडकते.

एक मात्र खरं, पितळेचा रेग्युलेटर जड असतो. नळ आडव्या तोंडाचा असेल तर त्याला लटकवून ठेवू नका. २-३ फुटी छोटा पाइप नळाला जोडा आणि रेग्युलेटर जमिनीवर एखाद्या फळीवर टेकवा. चिखलात नको.

मिशिगनचा_मिस्त्री

वरच्या उत्तरात बसवणं आलंच आहे, मी दाब कसा लावायचा तेवढं लिहितो. इथेच बहुतेकांचं बिघडतं.

रेग्युलेटर जोडण्याआधी कॅम्पचा नळ मिनिटभर पूर्ण सोडा. गंज आणि वाळू असते ती निघून जाऊ दे, नाहीतर तीच आतल्या सीटवर (रेग्युलेटरचा व्हॉल्व्ह जिथे टेकून पाणी बंद करतो ती जागा) बसते. मग जोडणी हाताने घट्ट करा. गार्डन होजच्या जोडात पाणी अडवतो तो रबरी वॉशर, आटे नव्हे. टेफ्लॉन गुंडाळून उपयोग नाही. गळत असेल तर वॉशर बदला, पाना मारून पितळेचे आटे खराब करू नका.

आता ट्रेलरमधला स्वयंपाकघरातला नळ उघडा ठेवा आणि बाहेरचा नळ सावकाश सोडा. हवा फुर्र-फुर्र करत निघेल. धार एकसारखी झाली की आतला नळ बंद करा आणि गेज बघा. स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की दाब वाढतो, उलटा फिरवला की कमी होतो. पण उलटा फिरवून काटा खाली येत नाही! पाइपात कोंडलेलं पाणी जाणार कुठे? लोक मग आणखी फिरवतात, आणखी फिरवतात, आणि नंतर नळ उघडला की दाब एकदम २० वर. पाव फेरी फिरवा, आतला नळ दोन सेकंद उघडून बंद करा, मग वाचा. पुन्हा पाव फेरी. ५० वर आला की स्क्रूचा लॉकनट आवळा.

आणखी एक चाचणी न चुकता करा. सगळे नळ बंद ठेवून १५ मिनिटांनी परत काटा बघा. ५० चा ५० किंवा दोन-तीन पॉइंट वर असेल तर ठीक. हळूहळू ६०, ७० असा चढत असेल तर सीटवर कचरा आहे किंवा रबर झिजलंय. असा रेग्युलेटर दिवसभर नीट वागतो आणि रात्री पूर्ण दाब आत सोडतो. जाळी आणि सीट धुऊन पाहा, तरी चढला तर बदला.

शॉवरची तक्रार असेल तर ती शोधायलाही गेजच कामाला येतं. शॉवर पूर्ण सोडा. काटा ५० वरून १५ वर कोसळला तर अडथळा गेजच्या अलीकडे आहे: रेग्युलेटरची जाळी, किंवा कॅम्पचाच पुरवठा कमी. काटा ४०-४५ वर टिकून आहे आणि तरी धार बारीक, तर अडथळा पुढे आहे. फिल्टर भरलाय, ट्रेलरच्या पाण्याच्या तोंडातली छोटी जाळी तुंबलीय, किंवा शॉवरहेडला क्षार बसलेत. जुना ट्रेलर आहे, तेव्हा त्या तोंडातली जाळी आधी काढून बघाच. चिमट्याने निघते.

पाइपही बघा. अर्धा इंची असेल तर ५/८ इंची पांढरा किंवा निळा, पिण्याच्या पाण्याचा पाइप घ्या. छेदाचं क्षेत्रफळ दीडपटीहून थोडं जास्त होतं.

एडिसनकर

दोघांचेही खूप आभार. दोन शंका. (१) घरासाठीचा ३/४ इंची रेग्युलेटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो चालेल का? (२) मित्राच्या ट्रेलरवर गेज दुपारी ७५ दाखवत होतं, संध्याकाळी परत ५०. त्याचा रेग्युलेटर गेला का?

रानवाट_ऑस्टिन

(१) चालतो, आणि धारेच्या बाबतीत सगळ्यात सरस तोच. वॉट्सचा घरगुती ३/४ इंची मॉडेल २५ ते ७५ पीएसआयमध्ये लावता येतो, कारखान्यातून ५० वर येतो. अडचण आट्यांची. घरगुती रेग्युलेटरचे आटे पाइपचे असतात, इंचाला १४, निमुळते. गार्डन होजचे इंचाला साडेअकरा, सरळ. दोन्ही ३/४ च म्हणवतात, एक-दोन फेऱ्या बसल्यासारखेही वाटतात आणि मग अडकतात. जोर लावलात तर दोन्ही वाया. म्हणून दोन ॲडॅप्टर लागतील: नळाकडे फिरत्या चकतीचं होजचं मादी तोंड आणि मागे पाइपचा नर आटा, पाइपाकडे दोन्ही बाजूंना नर, एक पाइपचा, एक होजचा. पाइपच्या आट्यांना मात्र टेफ्लॉन हवंच, तीन-चार वेढे, आटा घट्ट होतो त्या दिशेने. गेजसाठी रेग्युलेटरच्या पुढे एक टी (तीन तोंडांचा जोड) टाका. अंगावरचा बाण बघून बसवा, उलटा बसवला तर काम करत नाही. सगळं मिळून वजन आणि खर्च बघता, ॲडॅप्टर जुळवायचा उत्साह नसेल तर होजचे आटे असलेला आरव्हीचा मोठा रेग्युलेटरच घ्या.

(२) गेलेला नाही, बहुधा ऊन. ट्रेलरच्या तोंडाशी चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) असतो आणि अलीकडे रेग्युलेटर बंद, मधलं पाणी पाइपात कोंडलेलं. उन्हात तापून फुगतं आणि काटा चढतो. नळ सेकंदभर उघडला की काटा खाली येऊन ५० वर थांबला तर रेग्युलेटर ठीक आहे. परत लगेच चढू लागला तर मिशिगनच्या मिस्त्रींनी सांगितलेला दोष. पाइप सावलीत टाका.

हीटरमधल्या फुगवट्याचा याच्याशी घोळ करू नका. तो चेक व्हॉल्व्हच्या आत असल्यामुळे या गेजवर दिसतच नाही. हीटरचा सेफ्टी व्हॉल्व्ह (१५० पीएसआय किंवा २१० अंश फॅरनहाइटला उघडणारा) थेंब-थेंब गळत असेल तर टाकीतली हवेची पोकळी संपलीय. हीटर बंद करून पाणी पूर्ण गार होऊ द्या, बाहेरचा नळ बंद करा, गरम पाण्याचा एक नळ उघडा, व्हॉल्व्हची दांडी उचलून पाणी थांबेपर्यंत वाहू द्या. मग दांडी खाली, पाणी सुरू.

पाणीपुरवठा_फ्रिमाँट

दोन मुद्दे राहिले. रेग्युलेटर दाब कमी करतो, वाढवत नाही. कॅम्पचाच दाब २५ असेल तर स्क्रू पिळून काही होणार नाही. ट्रेलरची टाकी भरून घ्या आणि पंपावर चालवा. आरव्हीचे बरेच पंप ५५ पीएसआयला बंद होणारे असतात, शॉवर छान चालतो. आणि कॅम्पचं पाणी जोडलेलं असताना टाकी आपोआप भरून वाहू लागली तर रेग्युलेटरला दोष देऊ नका, पंपाचा चेक व्हॉल्व्ह गळतोय.

मैल्याची टाकी धुण्याचा पाइप वेगळा ठेवा, वेगळ्या रंगाचा. वाय जोड (एका नळाचे दोन फाटे करणारा) घ्यायचा तर रेग्युलेटरच्या आधी घ्या, आणि त्या फाट्यावर उलट प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह हवाच. पिण्याच्या लाइनमध्ये ते पाणी शिरायला निमित्त लागत नाही. टाकी धुण्याला किती दाब चालतो ते ट्रेलरच्या त्या धुण्याच्या तोंडावरच्या लेबलवर वाचा.

मिशिगनचा_मिस्त्री

फिशिंग ब्रिज पावणेआठ हजार फुटांच्या आसपास आहे. सप्टेंबरमध्ये रात्री पाणी गोठू शकतं. पाइपाआधी रेग्युलेटर तडकतो, कारण त्यात डायफ्रॅमच्या पोकळीत पाणी साचून राहतं आणि पितळ फुगत नाही. थंडीचा अंदाज असेल तर झोपण्यापूर्वी बाहेरचा नळ बंद करा, रेग्युलेटर आणि फिल्टर काढून उलटे करून झटका, ट्रेलरमध्ये आणा. पाइप उतारावर रिकामा करा. रात्री टाकी आणि पंप. सकाळी लावल्यावर ती १५ मिनिटांची चाचणी पुन्हा करा.

दिवसभर फिरायला जाताना बाहेरचा नळ बंदच ठेवा, रेग्युलेटर कितीही चांगला असला तरी. आणि सुटे वॉशर घ्या, पाच-सहा.