प्रतिसाद: ‘हार्मोन हे नुसतं निमित्त’?

लठ्ठ माणसांबद्दल ‘जिभेवर ताबा नाही आणि नाव हार्मोनचं’ असं वर कुणीतरी लिहिलंय, म्हणून ही भर.

१९९७ साली केंब्रिजमध्ये स्टीफन ओ’राहिली, सदाफ फारूकी वगैरे संशोधकांनी पाकिस्तानी वंशाच्या दोन चुलत भावंडांवर शोधनिबंध लिहिला. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, २९ किलो! जन्मताना वजन नेहमीसारखंच, पुढे भूक काही केल्या शमेना. मुलीच्या तर पायाच्या हाडांवर शस्त्रक्रिया करायची वेळ आली होती. ‘आता पुरे’ असं मेंदूला कळवून भूक आवरणारं लेप्टिन हे हार्मोन चरबीतूनच स्रवतं, म्हणजे एवढ्या चरबीत ते भरपूर सापडायला हवं. रक्तात ते जवळपास नव्हतंच. लेप्टिनच्या जनुकात डीएनएचं एक, फक्त एक अक्षर गळलेलं, तेही आई आणि वडील दोघांकडून आलेल्या प्रतींत. आईवडील एकमेकांच्या नात्यातले, त्यामुळे दोन्हीकडून तोच दोष आला.

मुलीला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केलं. वर्षभरात १६ किलोंच्या वर वजन उतरलं, आणि तेही मुख्यतः चरबीचं. जेवणावरून होणारी रडारड थांबली. आता ही पोर हावरट होती म्हणायचं का?

अर्थात, उद्या कुणी लेप्टिनची इंजेक्शनं शोधत फिरू नका. हा दोष फार दुर्मीळ. आपल्यासारख्या सुटलेल्या पोटवाल्यांच्या रक्तात लेप्टिन उलट जास्तच असतं, मेंदू त्याला दाद देत नाही एवढंच. मूल अगदी तान्हेपणापासून भुकेनं कासावीस होऊन झपाट्यानं फुगत असेल, तर मात्र एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) गाठा.