शाळेचे जुने भिंतीवरचे नकाशे: फोटो कसे काढावेत? पेन्सिलीच्या खुणा ठेवाव्यात का?

खडूफळा, गिरगाव:
आमच्या भागातल्या एका जुन्या शाळेच्या छोट्या संग्रहालयाचं काम माझ्याकडे आलंय. कापडावर चिकटवलेले, वर-खाली लाकडी रूळ असलेले नकाशे, पावकी-निमकीचे तक्ते, मोडीचे कित्ते, नाण्यांचे तक्ते असं बरंच आहे. सगळ्याचं डिजिटायझेशन करायचंय.

नकाशे पाच-सहा फुटी आहेत. वार्निश पिवळं पडलंय आणि खिडकीचा उजेड नेमका बंगालच्या उपसागरावर चमकतो. त्याला उपाय काय?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. समितीतले एक ज्येष्ठ म्हणतात, कडा कापा, डाग पुसा, रंग उजळ करा, लोकांना स्वच्छ नकाशा दिसू दे. आता १९५६ नंतरच्या द्विभाषिक मुंबई राज्याचा नकाशा घ्या. कच्छ-सौराष्ट्रापासून विदर्भापर्यंत एकच गुलाबी रंग. त्यावर कुणा गुरुजींनी लाल पेन्सिलीने गुजरातची हद्द आखलीय. डांगपाशी रेघ दुहेरी झालीय, खाली '१-५-६०' लिहिलंय. नवा नकाशा येईपर्यंत पोरं महाराष्ट्र यावरच शिकली असणार. छापील नकाशाच्या प्रती इतरत्र मिळतीलही, ही रेघ कुठे मिळणार? ती पुसायला माझा हात धजत नाही.

उजेडवाला:
पुसू नका. मूळ फाइल टिफमध्ये (फोटोतला तपशील न गमावणारा फाइलचा प्रकार), रूळ आणि कडांसकट, शेजारी मोजपट्टी आणि रंग ताडून बघायची रंगपट्टी ठेवून काढा. तिला पुन्हा कधीही हात लावायचा नाही. ज्येष्ठांना हवी तशी कापलेली, उजळलेली जेपेग प्रत वेगळी करून द्या, वाद मिटेल.

चमकेसाठी खिडक्या काळ्या कापडाने झाका. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावा, दिव्यांवर पोलरायझिंग शीट (एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देणारी पारदर्शक फिल्म) आणि लेन्सवर तसाच फिल्टर, म्हणजे पोलरायझर लावा. लेन्सवरचा फिरवत गेलात की एका जागी चमक विझते. मग कॅमेरा नकाशाला समांतर सरकवत तुकड्यातुकड्याने फोटो घ्या. प्रत्येक फोटोत आधीच्याचा तिसरा हिस्सा यायला हवा, नाहीतर जोडताना अक्षरं तुटतात. फ्लॅश नको.

आणि पावसाळ्यात गुंडाळी उघडूच नका. मुंबईच्या दमट हवेत कागद कापडाला चिकटवणारी खळ ओल धरते, बुरशी येते, वार्निश चिकट होऊन थर एकमेकांना धरतात. डिसेंबर-जानेवारी बरा. उघडतानाही जमिनीवर सपाट, दोघांनी मिळून, जोर न लावता. फाटलं तर सेलोटेप अजिबात नको, त्याचा डाग निघत नाही.

ग्रंथपाल_दादर:
ऑनलाइन टाकण्याआधी कॉपीराइटचा हक्क पाहा. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हा हक्क, लेखक-चित्रकाराचं नाव असेल तर त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं; नाव नसेल किंवा सरकारी प्रकाशन असेल तर प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६०. म्हणून छापखान्याचं नाव आणि साल असलेली कड कापली की तुमचा पुरावाच गेला. नोंदींसाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने संग्रहालयांकरता केलेली 'जतन' प्रणाली आहे, तीही बघून ठेवा.

निवृत्त_बाई, परळ:
खडूफळा, मागच्या बाजूचा फोटो काढताय ना? तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून विचारते. आमच्या शाळेत नकाशा विकत आला की कापडावर मागे शाईने डेडस्टॉक नंबर (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदीचा क्रमांक) पडायचा आणि तोच रजिस्टरात खरेदीच्या तारखेसह, किमतीसह चढायचा. तपासणीला साहेब आले की दोन्ही जुळवून बघायचे. तुमच्या शाळेचं रजिस्टर मिळालं तर नकाशा कधी, केवढ्याला घेतला ते कळेल. नाण्यांच्या तक्त्याचंही बघा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. सोळा आण्यांच्या तक्त्यावर कुणी शंभर नव्या पैशांची चिठ्ठी डकवलेली दिसली तर ती सोडवू नका हो! आहे तसा एक फोटो घ्या, आणि चिठ्ठी सुटी असेल तर उचलून खालचा दुसरा.

खडूफळा, गिरगाव:
बाई, मागे नंबर आहेत! निळ्या शाईत, 'डे. स्टॉ.' करून. मी ते कपाटाचे नंबर समजत होतो. मुख्याध्यापकांकडे आधी रजिस्टर मागतो, नकाशे डिसेंबरात उघडू. उजेडवाले, पोलरायझिंग शीट फोर्टात भाड्याने मिळते का, की विकतच घ्यावी लागेल?